लिलावातल्या जुन्या लँड रोव्हरवर बोली लावू का?

चिखलवेडा: ऑनलाइन लिलावात परदेशातून आणलेली १९७८ची सीरीज ३ दिसलीय. फोटोंत बॉडी चकाचक, गंजाचा डागही नाही. दोन दिवस उरलेत. लावू का?

जुनाट_गिअर: अहो, बॉडी अॅल्युमिनियमची, तिला तांबेरा चढणार कुठून? चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि बल्कहेड, म्हणजे इंजिनामागची भिंत, मात्र पोलादी. मी असाच भाळलो होतो. गाडी दारात आली तेव्हा चासीवर ताजा काळा रंग. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत! खालचे फोटो मागा, मागच्या क्रॉसमेंबरचे (चासीच्या आडव्या तुळईचे) तर हवेतच.

हाय_लो: चासी नंबर आयातीच्या कागदांशी जुळवा, नाहीतर नोंदणी अडते.

चिखलवेडा: फोटो मागितले. म्हणतो, पाऊस आहे.

जुनाट_गिअर: कधीपासून?

चिखलवेडा: परवापासून.

जुनाट_गिअर: मग राहू द्या त्यालाच.