स्क्रूचं डोकं किती आत? काउंटर बिट आणि डेप्थ स्टॉपचे अनुभव

मंडळी, दिवाळीआधी मुलीच्या पुस्तकांसाठी सागवानी शेल्फ करत होतो. तीन फळ्या छान बसल्या. चौथीचा शेवटचा स्क्रू आवळताना 'टक्क' असा आवाज आला आणि टोकाकडून बोटभर चीर गेली. पायलट भोक (स्क्रूच्या दांड्यासाठी आधी पाडायचं बारीक भोक) पाडलेलं होतं, पण डोक्याला जागा केली नव्हती. ते पाचरीसारखं घुसलं. ती फळी मी अजून ठेवली आहे.

त्यानंतर पायलट, काउंटर (डोक्यासाठी उतरता खड्डा करणारा भाग) आणि स्टॉपची कॉलर (ठरलेल्या खोलीवर बिट अडवणारं कडं) एकाच दांड्यावर असलेला बिट घेतला. आता ८ नंबरच्या स्क्रूला सागात ३ मिमीचं भोक, फळीच्या टोकापासून किमान २५ मिमी आत, आणि डोकं केसभर खाली, एवढं सांभाळतो. तुमचे अनुभव वाचायचे आहेत. नुसतं 'बिट चांगला आहे' नको. लाकूड कोणतं, स्क्रू कोणता, स्टॉप कसा लावला, तेही लिहा.

* * *

आमचं घराणं सुताराचं, सांगलीकडचं, मी तिसऱ्या पिढीतला. आजोबा सामत्याने (हाताने चालवायच्या ड्रिलने) भोकं पाडायचे. वडिलांकडे इलेक्ट्रिक ड्रिल आलं, पण डोक्याच्या जागेसाठी मोठा ड्रिल बिट हलकाच टेकवायचा ही त्यांची रीत. मीही बारा वर्षं तेच केलं.

त्यातली गोम उशिरा कळली. साध्या ड्रिलचं टोक बहुधा ११८ अंशांचं असतं आणि आपल्याकडच्या सीएसके (काउंटरसंक, म्हणजे खाली निमुळत्या डोक्याच्या) स्क्रूचं डोकं ९० अंशांचं. म्हणजे खड्डा पसरट, डोकं निमुळतं. डोकं फक्त मानेशी टेकतं, कडेखाली फट राहते. शिसवीसारख्या कडक लाकडात सगळा जोर मानेवर येतो आणि चीर तिथूनच सुटते. ९० अंशांचा काउंटर आणल्यापासून डोकं सगळीकडून टेकतं. स्क्रू बसला की वरून नख फिरवून बघतो.

स्टॉपची कॉलर मात्र मी वापरत नाही. बिटाला चिकटपट्टी गुंडाळतो आणि तिचं टोक झेंड्यासारखं बाहेर ठेवतो. ते टोक भोकाभोवतीचा भुसा झाडायला लागलं की हात थांबवायचा.

* * *

भोसरीला मॉड्युलर किचनच्या कारखान्यात आहे. दिवसाला शेकड्याने भोकं, बरीचशी मायका लावलेल्या १८ मिमी प्लायवर. आमचा त्रास वेगळा. कॉलर बिटाबरोबर फिरते, मायक्याला टेकली की गोल चट्टा उठतो, पांढऱ्या मायक्यावर तर करपल्यासारखा. एकदा एका ऑर्डरची सहा शटर त्यापायी बदलावी लागली.

आता बेअरिंगवाला स्टॉप आहे. बिट फिरत राहतो आणि स्टॉप पृष्ठभागाला टेकला की तिथेच थांबतो. महाग पडला, पण सहा शटरांपेक्षा स्वस्त. तरी एक गोष्ट पाळावी लागते. कॉलरखाली भुसा अडकला की ती पूर्ण टेकत नाही, भोक उथळ होतं आणि डोकं वर राहतं. एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) भुसा पिठासारखा, तो फार लवकर दाबून बसतो. चार-पाच भोकांनंतर ब्रश मारायचाच, हे मी हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते.

* * *

ठाण्यात फ्लॅटच्या गॅलरीत काम करते, तीन वर्षं झाली. १२ मिमी प्लायचं भिंतीवरचं कपाट करत होते. पहिली आठ भोकं एकसारखी पडली, मग डोकी खोल जायला लागली. माझा हात जड झाला असं मला वाटलं. खरं म्हणजे कॉलरचा छोटा स्क्रू ढिला पडून ती दर भोकाला जराजरा वर सरकत होती. शेवटच्या दोन स्क्रूंच्या डोक्याखाली जेमतेम ४ मिमी प्लाय उरला. कपाट लटकवून डबे ठेवले आणि त्यातला एक स्क्रू प्लायमधून आरपार ओढला गेला. सुदैवाने खाली कुणी नव्हतं.

आता कॉलर जिथे बसते तिथे दांड्यावर मार्करने रेघ मारते. दर दहा भोकांना रेघ बघायची, अ‍ॅलन कीने आवळायचं. आणि त्याच प्लायच्या तुकड्यावर पहिलं भोक.

* * *

आयटीआयमध्ये शिकवतो, थोडक्यात सांगतो. भोकाच्या कडेला लाटा उठत असतील तर वेग कमी करा. काउंटर सावकाश फिरवून सलग दाब द्यायचा. तरीही थरथरला तर तिरकं भोक असलेला एकधारी काउंटर वापरा, तो शांत कापतो.

* * *

न्यू जर्सीत राहतो. आईसाठी हार्ड मेपलचा देवघराचा चौरंग केला, स्क्रू पुण्याहून आणलेले पितळी. डोकी काही केल्या नीट बसेनात, कड टेकलेली आणि खाली पोकळ. इथल्या दुकानातला काउंटर ८२ अंशांचा, कारण इथल्या स्क्रूंची डोकी त्या मापाची, आणि माझे स्क्रू ९० चे. पाइनमध्ये हा आठ अंशांचा फरक लाकूड दबून भरून निघाला असता, मेपलने दाद दिली नाही. ९० चा बिट मागवला.

पितळी स्क्रूबद्दल आणखी एक. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढायचा, मग पितळीला मेण लावून हाताच्या पेचकसाने बसवायचा. हे न केल्याने दोन डोकी तुटून हातात आली होती.

* * *

गोव्यात जुन्या घराच्या बाल्कांवातला (दारापुढच्या ओट्यावरचा) फणसाच्या लाकडाचा बाक दुरुस्त केला. मालकीणबाईंना स्क्रू दिसायला नको होते, म्हणून डोकी खोल उतरवून वर १० मिमी व्यासाच्या लाकडी गुट्ट्या बसवल्या. इथे स्टॉपने खरी साथ दिली. गुट्टीला किमान ६ मिमी खोली हवी, नाहीतर पटाशीने छाटताना ती उपटून येते. जास्त खोल गेलं तर स्क्रूखाली लाकूड उरत नाही. स्टॉप ८ मिमीवर लावला आणि छत्तीस भोकं एका बैठकीत पाडली.

गुट्ट्या त्याच बाकाच्या बाद फळीतून काढल्या आणि रेषेला रेष जुळवून बसवल्या. काम झाल्यावर बाईंनी सगळ्या फळीवरून तळवा फिरवला आणि विचारलं, "स्क्रू कुठे घातलेस?"