चर आणि चारीत फरक काय? द्राक्षबागेत पाणी तुंबतंय

निफाडचा_बागायतदार: राम राम मंडळी. काळ्या रानात दीड एकर द्राक्ष आहे, मागच्या पावसात खालच्या चार ओळींत आठ दिवस पाणी तुंबलं, मुळी उकरून बघितली तर पांढरी मुळी शिल्लकच नाही, सगळी तपकिरी आणि कुबट वास. म्हणून जेसीबीवाल्याला बांधाकडेने चर मारायला सांगितलं तर त्याने एकदम सपाट मारला, आता पाणी त्यातच उभं राहतं. तो म्हणतो तुम्ही चर म्हणालात, चारी नाही. आता काय करू?

सटाण्याचा_भाऊ: दादा, त्याने डोंगरावर सलग समतल चरांची कामं केली असतील. ते चर मुद्दाम एका पातळीत मारतात, पाणी अडून जिरावं म्हणून. चारी ही वाहती, कालव्यातून निघते, पुढे पोटचारी, मग शेतात दांड. आमच्या मोसम-आरम नद्यांच्या काठी फड पद्धतीत, म्हणजे नदीवर बंधारा घालून सगळ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायचं, त्यात बंधाऱ्याचा पाट असतो, पाटकरी पाण्याची पाळी बघतो. आता पाट म्हणजे जेवायला बसायचा पण, आणि जुन्या काळी विधवेचं दुसरं लग्न व्हायचं तोही पाटच. त्यामुळे नाव सांगू नका, काम सांगा, पाणी जिरवायचंय की बाहेर काढायचंय.

दिंडोरी_काका: आहे तोच चर उतारावर घ्या, १०० फुटाला ३-४ इंच बास. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना दोन माणसं उभी करा, लेव्हल लगेच कळते. खोदाई चर जिथे ओहोळाला मिळतो त्या तोंडापासून वर करत या म्हणजे काम चालू असतानाही पाणी निघत राहतं. आणि कडा उभ्या ठेवू नका, काळी माती उन्हात भेगाळते नि पावसात ढासळते, तिरप्या करा, माती काठावर न टाकता दोन फूट लांब टाका. पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडू नका हे हात जोडून सांगतो.

पिंपळगावची_ताई: मृगाच्या आधी गाळ काढा, काठावरचं गवत उपटू नका, कापा, तेच काठ धरून ठेवतं. आमच्याकडे एकदा मल्चिंग पेपरचा बोळा पाइपाच्या तोंडाशी अडकला आणि एका रात्रीत अर्धी बाग पाण्यात. तेव्हापासून मोठा पाऊस झाला की पहाटे फावडं घेऊन मीच चक्कर मारते.

निफाडचा_बागायतदार: काका, आज नळी लावली. ओहोळाकडचंच टोक ५ इंच उंच निघालं! उद्या तिकडूनच सुरुवात करतो.