शिवराई होन घरात ठेवणारे सगळे चोर का?

गडवाटा: शिवराई होन म्हणजे १६७४ च्या राज्याभिषेकाचं स्मारक नाणं, अख्ख्या महाराष्ट्राची ठेव. ज्याच्याकडे असेल त्याने मुकाट संग्रहालयात नेऊन द्यावा. खाजगी तिजोरीत दडवणं ही सरळ चोरी आहे.

टाकसाळ्या: 'चोरी' वाचून डोकंच फिरलं म्हणून लिहितोय. अहो, मुळात होन पाडले त्यातले मोजकेच उरलेत, बाकीचे सोनाराच्या मुशीत गेले, आणि जे उरले ते कुणीतरी वेडा पदरचे पैसे घालून जपत बसला म्हणून. आणि स्मारक कसलं? एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', बस्स. ना साल, ना प्रसंग. चलन होतं ते.

गडवाटा: छत्रपती ही पदवी राज्याभिषेकानेच आली ना? अजून काय कोरायचं होतं, आमंत्रणपत्रिका?

भिंगवाली: तुमचं चालू द्या, पण आधी खरा होन ओळखता येतो का कुणाला? मी एका विक्रेत्याकडून घेतला, सोबत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, मी खूश. घरी काट्यावर ठेवला तर जेमतेम सव्वादोन ग्रॅम, खरा पावणेतीनच्या आसपास भरतो. मग भिंगाखाली धरला. कडेने बारीक शिवण, कडेचे ठिपके एकमेकांत विरघळलेले, अक्षरं वापरलेल्या साबणासारखी. ओतीव माल! ठोकलेल्या नाण्यावर अक्षराची कड कशी धारदार उठते.

टाकसाळ्या: ताई, वजन घ्यायच्या आधी पैसे दिलेत, आता काय बोलणार.

भिंगवाली: हो, दिले. तुम्ही जन्मतः शहाणे, माहीत आहे.

जुनीपेटी: नकली राहू द्या, खऱ्याचं काय करतात ते बघा. आमच्या आजीच्या माळेत एक जुनं सोन्याचं नाणं होतं, वर कडी डागलेली. काकांनी कडी काढून घेतली आणि वर पॉलिश करून आणलं, आता आरशासारखं चमकतं आणि एक अक्षर लागत नाही. होन होता की दुसरं काही, कधीच कळणार नाही. आणि काका अजून म्हणतात, किती छान झालं बघ!

भिंगवाली: काकांना नमस्कार सांगा 😡

गडवाटा: घ्या! म्हणूनच म्हणत होतो, घरात ठेवू नका.

टाकसाळ्या: काकांच्या पॉलिशची शिक्षा आम्हाला का? संग्रहालयात दिलेलं नाणं कुलपात जातं, बघायला अर्ज करा, साहेब रजेवर. मी तीन हेलपाटे घातलेत. माझ्याकडे कुणीही या, कडेला धरायचं एवढीच अट. हां, शेतात नांगराला लागलेलं असेल तर १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावंच लागतं. तिथे तुमचं बरोबर.

गडवाटा: चला, एक वाक्य तरी पटलं. 'चोरी' शब्द मागे घेतो. 'दडवणं' तसंच राहील.

टाकसाळ्या: उपकार झाले. रविवारी या बघायला, भिंग मी देतो.

भिंगवाली: काटा पण ठेवा.