विमानातला कुबट वास: आपले अनुभव लिहावेत

वारादर्शक: माझी भाची केबिन क्रूमध्ये आहे. काल विमान उतरायला लागले तेव्हा मागच्या गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकघरात) कुबट मोज्यांसारखा वास येऊन तिला मळमळले, असे तिने फोनवर सांगितले आणि मला सहवैमानिक असतानाचा एक प्रसंग आठवला. इंजिनांची शक्ती कमी करून आम्ही खाली येत असताना कॉकपिटमध्ये तसाच वास पसरला, घसा खवखवू लागला आणि चेकलिस्टची एकच ओळ मला पुन्हा पुन्हा वाचावी लागली. कॅप्टनसाहेबांनी वास कशाचा याची चर्चा न करता स्वतः मास्क चढवला, मलाही चढवायला सांगितले, आणि शंभर टक्के ऑक्सिजनवर आम्ही उतरलो. ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांनी कृपया लिहावे.

स्पॅनर: बहुतेक जेट विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून (हवा दाबणाऱ्या भागातून) घेऊन, पॅक म्हणजे वातानुकूलन यंत्रात थंड करून आत सोडतात. बेअरिंगचे तेल अडवणारी सीले हवेच्या दाबावर काम करतात. त्यामुळे शक्ती बदलताना किंवा सील झिजले असल्यास थोडे तेल त्या हवेत मिसळू शकते. तेलात झीज रोखण्यासाठी ट्रायक्रेसिल फॉस्फेट असते आणि त्याचे काही प्रकार मज्जासंस्थेला घातक आहेत. उरलेले रात्री लिहितो, पाळीला निघालो आहे.

रानजाई: काका, भाचीला आजच डॉक्टरांकडे पाठवा. मी क्रूमध्ये असताना असा वास आला की वरिष्ठ म्हणायच्या, ‘एसी सुरू झाला की येतोच,’ आणि आम्ही डोकेदुखीची गोळी घेऊन पुढच्या फेरीला उभ्या राहायचो. ते आठवले की आजही संताप येतो.

मेलबर्नकर: इथे ऑस्ट्रेलियात जोआन टर्नर या हवाईसेविकेच्या फुफ्फुसात 1992 मध्ये बीएई 146 विमानात धूर गेला आणि त्याबद्दल तिने पुढे दावा लावला. तो 2010 पर्यंत चालला आणि अखेर तिच्या बाजूने लागला. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीत कोलोनला उतरणाऱ्या एका एअरबस ए 319 विमानाच्या दोन्ही वैमानिकांना विचित्र वासानंतर भोवळ आली व त्यांनी मास्क लावून विमान उतरवले.

सोनटक्का: हेपा फिल्टर असतात ना? आणि वरून पडणारे पिवळे मास्क?

स्पॅनर: ताई, हेपा फिल्टर विषाणू आणि धूलिकण अडवतो, तेलाची वाफ नाही. प्रवाशांच्या पिवळ्या मास्कमध्ये ऑक्सिजनबरोबर केबिनचीच हवा मिसळते, त्यामुळे वासापासून संरक्षण मिळत नाही. बोइंग 787 मध्ये केबिनसाठी इंजिनाची हवा न घेता विजेवर चालणारे वेगळे कॉम्प्रेसर बसवले आहेत. हे इतरत्रही व्हावे असे मला मनापासून वाटते. दीर्घकालीन आजाराबाबत वैद्यकीय एकमत अजून नाही, पण म्हणून नोंद टाळणे मला अक्षम्य वाटते. बहुतेक विमानांत तेलाची वाफ ओळखणारे यंत्रच नसते. वैमानिकाने टेक-लॉगमध्ये (विमानातल्या बिघाडांच्या नोंदवहीत) नुसते ‘वास आला’ असे लिहिले, तर इंजिन, एपीयू (शेपटीतले छोटे सहायक इंजिन), बर्फ काढण्याचा द्रव आणि ओव्हन यांपैकी कुठून सुरुवात करावी हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना कळत नाही. वास चढताना आला की उतरताना, कोणता पॅक व एपीयू चालू होते, कॉकपिटमध्ये जास्त होता की मागे आणि कोणाला काय त्रास झाला, एवढे लिहिलेले असले तर आम्ही नेमके सील उघडून पाहू शकतो.