मदत हवी आहे : आईजवळ कोणी आले की कुत्री गुरगुरते

नमस्कार. आमची कुत्री माझ्या आईला क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. आई आजारातून उठल्यापासून तर तिच्या पलंगाजवळ कोणी गेले, की ती मध्ये येऊन उभी राहते आणि दबक्या आवाजात गुरगुरते; परवा इंजेक्शन द्यायला आलेल्या परिचारिकेलाही तिने पुढे येऊ दिले नाही. घरातले सगळे तिच्या इमानाचे कौतुक करतात, परंतु मला काळजी वाटते, कारण त्या वेळी तिचे कान मागे गेलेले असतात, शेपूट पायांत असते आणि ती सारखी ओठ चाटते, म्हणजे ती राखण करण्यापेक्षा भेदरलेलीच अधिक दिसते. तिची माया खरीच आहे; कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेशी, जवळिकीशी निगडित संप्रेरक वाढते, असे जपानी संशोधकांना २०१५ साली आढळले होते.

गुरगुरण्याबद्दल तिला कोणी रागावू नये, हे मी कटाक्षाने पाळते, कारण हा इशारा दडपला तर कुत्रे पुढे न गुरगुरताच चावू शकते. अशा बदलामागे एखादे दुखणेही असू शकते, म्हणून पशुवैद्यांकडून तपासणी करून घेणारच आहे. तोवर परिचारिका येण्यापूर्वी तिला दुसऱ्या खोलीत ठेवावे, की दुरून खाऊ देत देत हळूहळू सवय लावावी? आईपासून वेगळे केल्यास तिची तगमग वाढेल का? ज्यांनी असे कुत्रे सांभाळले आहे, त्यांनी नेमके काय केले ते कृपया सविस्तर लिहावे.