क्लोरीन भरपूर, तरी तलावाच्या पाण्याला वास आणि भिंतीला शेवाळ: डोस वाढवावा की कमी करावा?

सचिव_बाणेर यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या सोसायटीत उघड्यावरचा, सुमारे २ लाख लिटर पाण्याचा जलतरण तलाव आहे. त्यात बोअरचे आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी भरले जाते. देखभालीचा ठेकेदार रोज संध्याकाळी टीसीसीए ९० (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) ही क्लोरीन सोडणारी पावडर टाकतो आणि पिवळा रंग दाखवणाऱ्या किटवर क्लोरीन तपासून नोंदवहीत लिहितो. रंग नेहमी गडद पिवळाच येतो. तरीही एप्रिलपासून पाण्याला उग्र वास येत आहे, मुलांचे डोळे चुरचुरतात आणि सावलीकडच्या भिंतीवर बुळबुळीत हिरवा थर धरतो, जो घासून काढला तरी दोन-तीन दिवसांत परत येतो. डोस दुप्पट करून सोबत मोरचूदही (तांब्याचा क्षार) टाकावे, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. उलट काही सभासदांच्या मते वास येतो म्हणजे क्लोरीन आधीच जास्त झाले आहे. कार्यकारिणीने नेमके काय करावे?

पाणी_परीक्षक यांचे उत्तर

सचिवसाहेब, दोन्ही बाजू मोजमाप न करता बोलत आहेत. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तो बहुतांशी क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी आणि अंगाला लावलेली तेले यांतील नायट्रोजनयुक्त घटकांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. डोळे झोंबतात ते मुख्यतः त्यांच्यामुळेच. आपले पिवळ्या रंगाचे किट ओटीओ प्रकारचे आहे आणि ते मुक्त (अजून मोकळे) व संयुक्त (क्लोरामाइन बनलेले) क्लोरीनची बेरीज दाखवते, त्यामुळे नोंदवहीतील गडद पिवळा रंग जंतू मारण्यास किती क्लोरीन मोकळे आहे हे सांगतच नाही. त्यासाठी गुलाबी रंग देणारे डीपीडी किट घ्यावे. मात्र क्लोरीन फारच जास्त असेल, तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर उमटून उडून जातो आणि वाचन शून्य वाटते. अशा वेळी नमुन्यात क्लोरीन नसलेले पाणी मिसळून पुन्हा तपासावे.

आता मूळ कारणाकडे येतो. टीसीसीए पाण्यात विरघळला की क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही सुटते. थोड्या प्रमाणात, म्हणजे ३० ते ५० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम), ते उघड्या तलावात उपयोगीच असते, कारण ते उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते. अडचण अशी की क्लोरीन खर्च होते आणि हे ॲसिड मागे साचत राहते. दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड वाढते, म्हणजे रोज २ पीपीएमचा डोस दिल्यास महिन्याकाठी ३६ पीपीएमची भर पडते. पाणी बदलले नाही, तर तीन महिन्यांत शंभरी ओलांडली जाते आणि मग बरेचसे क्लोरीन या ॲसिडशी बांधलेले राहते; ते किटवर दिसते, पण शेवाळाला पुरे पडत नाही. डोस दुप्पट केल्याने साठाच दुप्पट वेगाने वाढेल. मोरचुदाने शेवाळ तात्पुरते दबेल. पण तांबे पाण्यातच राहते, भिंतीवर डाग पाडते आणि फिकट केस हिरवट करते. तेव्हा मुक्त क्लोरीन, संयुक्त क्लोरीन, पीएच, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) आणि सायन्युरिक ॲसिड या पाचही गोष्टी मोजून आकडे येथे द्यावेत.

तलाव_व्यवस्थापक यांचे उत्तर

वरील मताशी सहमत आहे. एक धोक्याची सूचना मात्र आत्ताच देतो, कारण आता आपण रसायन बदलण्याचा विचार कराल. टीसीसीए आणि हायपो (हायपोक्लोराइट) किंवा ब्लीचिंग पावडर कोरड्या अवस्थेत कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. एकाच मापाने किंवा एकाच बादलीतून टाकल्यासही आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो. टीसीसीएच्या डोसरमध्ये (रसायन सोडणाऱ्या यंत्रात) हायपो भरणे तितकेच घातक आहे. ॲसिड आणि हायपो एकत्र आले, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. रसायन नेहमी पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. पंपाच्या खोलीत सगळे डबे एकाच फळीवर ठेवण्याची जी सवय सर्वत्र दिसते, ती मोडायला हवी.

सचिव_बाणेर

आभारी आहे. प्रयोगशाळेतून आकडे आले: मुक्त क्लोरीन ३, संयुक्त १.२, पीएच ६.९, अल्कलिनिटी ५० आणि सायन्युरिक ॲसिड १६०. पाणी बदलण्याशिवाय दुसरा उपाय आहे का? सध्या टँकर महाग आहेत.

पाणी_परीक्षक

व्यवहार्य उपाय नाही. टीसीसीए आम्लधर्मी असल्याने पीएच घसरला आहे; डोळे झोंबण्यास तोही हातभार लावतो. १६० वरून ४० वर येण्यासाठी तीन चतुर्थांश पाणी बदलावे लागेल. एकदम काढल्यास दीड लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे १५ टँकर लागतील. निम्मे-निम्मे करून दोनदा काढल्यास २० लागतील. एकदम काढणे स्वस्त आहे, परंतु तलाव जमिनीत असेल तर पावसाळ्यात ते टाळावे, कारण भूजलाच्या दाबाने रिकामे बांधकाम उचलले जाऊन तडकू शकते. म्हणून हे काम पाऊस सुरू होण्यापूर्वीच उरकावे.

नवीन पाणी भरल्यावर सगळे पुन्हा मोजावे. बोअरच्या पाण्याने अल्कलिनिटी बहुधा आपोआप वर येईल, म्हणून ती वाढवण्यासाठी खाण्याचा सोडा आधीच आणून ठेवू नये. पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणून, भिंती घासून, सूर्यास्तानंतर क्लोरीन एकदा १२ पीपीएमपर्यंत चढवावे. आपल्या तलावासाठी त्याला २.४ किलो क्लोरीन, म्हणजे १० टक्क्यांचे सुमारे २४ लिटर द्रव सोडियम हायपोक्लोराइट लागेल. पाणी आधीच जड असल्याने कॅल्शियमयुक्त हायपोपेक्षा द्रव हायपो बरा. फक्त उन्हाळ्यात त्याची ताकद लवकर उतरते, म्हणून महिन्याचा साठा करू नये. रात्रभर फिल्टर चालू ठेवावा, दाब वाढला की बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणे) करावा आणि मुक्त क्लोरीन ३ च्या खाली येईपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.

पुढे रोजचा डोसही द्रव हायपोचाच ठेवावा. उरलेले ४० पीपीएम सायन्युरिक ॲसिड उन्हापासून संरक्षणास पुरेसे आहे.

तलाव_व्यवस्थापक

ठेकेदाराच्या करारात डीपीडीची रोजची आणि सायन्युरिक ॲसिडची महिन्याची नोंद बंधनकारक करा. उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करण्याचा नियमही त्याच सभेत मंजूर करून घ्या. संयुक्त क्लोरीन निम्म्याहून अधिक तेथूनच आटोक्यात येते, असा माझा अनुभव आहे.