मिझुरीला बोल बंदी, यूएनसीला काहीच नाही: नियम नक्की काय आहे?

झू_काका

मंडळी, इथे अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणारे किती आहेत कल्पना नाही. क्रिकेटच्या गर्दीत हा धागा दोन दिवसांत तळाला जाईल, जाऊ दे. ऑफिसात चॅपल हिलचा (म्हणजे यूएनसीचा, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा) एक पदवीधर नवीन आलाय. काल जेवताना त्याने "२००५, २००९, २०१७, आमचे सगळे बॅनर जागच्या जागी आहेत" असं हसत हसत ऐकवलं (बॅनर म्हणजे त्यांच्या बास्केटबॉल विजेतेपदांचे) आणि माझी जुनी खपली निघाली.

मी मिझूचा, म्हणजे मिझुरी विद्यापीठाचा. एमएस कोलंबियाला केलं (मिझुरीतलं कोलंबिया. न्यूयॉर्कमधलं नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं). आता सेंट लुईसला असतो. आय-७० महामार्गाने दोन तासांवर फॅरट फील्ड, आमचं स्टेडियम, त्यामुळे घरच्या मॅचेस सहसा चुकवत नाही. पार्किंगमध्ये आमचा देशी कंपू असतो. ब्रिस्केट शेजारच्या तंबूतून येतं, कॅम्पिंगच्या शेगडीवरचे बटाटेवडे आमच्याकडून जातात. शेजारच्या तंबूतले आजोबा १९६० पासून येतायत आणि त्यांना आता हिरवी चटणी लागतेच.

तर प्रकरण असं. नोव्हेंबर २०१६ मध्ये आमच्या एका ट्यूटरबाईंनी स्वतःच जाहीर केलं की त्यांनी खेळाडूंची गणिताची कामं करून दिली. खेळाडू बारा. विद्यापीठाने लपवाछपवी केली नाही. चौकशी केली, एनसीएएला (कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणारी संस्था) सगळं दिलं, हो, झालंय, म्हणून मान्य केलं. ३१ जानेवारी २०१९ ला निकाल: फुटबॉल, बेसबॉल, सॉफ्टबॉल तिन्ही संघांना एक वर्ष हंगामोत्तर खेळायला बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात, तीन वर्षं प्रोबेशन, दंड आणि ते खेळाडू ज्या मॅचेसमध्ये होते त्यातले विजय पुसून टाका. त्याच्या बरोबर महिनाभर आधी मी लिबर्टी बोलसाठी मेम्फिसला जाऊन ३८-३३ असा पराभव बघून आलो होतो. पुढच्या वर्षी बघू म्हणत परतलो, आणि पुढचं वर्षच काढून घेतलं.

आता यूएनसी बघा. १९९३ ते २०११, अठरा वर्षं 'पेपर क्लास'. तास नाही, शिक्षक नाही, शेवटी एक निबंध द्यायचा आणि तो विभागाच्या सेक्रेटरीने तपासायचा. ३१०० च्या वर विद्यार्थी त्यातून गेले, त्यांतले निम्म्याच्या आसपास खेळाडू. २०१४ चा वेनस्टीन अहवाल नेटवर आहे, वाचा. एनसीएएने १३ ऑक्टोबर २०१७ ला काय ठरवलं? आमच्या नियमांचा भंग सिद्ध होत नाही. बॅनर जागेवर.

बारा पोरं आणि एक बाई, तर बंदी. अठरा वर्षं आणि अख्खा विभाग, तर काही नाही. मला रडायचं नाहीये, नियम समजून घ्यायचाय. कुठल्या कलमाखाली हे बसतं? आणि उद्या माझ्या कॉलेजात पुन्हा असं काही सापडलं, तर त्यांनी ते कबूल करावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

चॅपलहिलकर

काका, तुमच्या ऑफिसातला तो मी नव्हे, पण बॅनर माझेही आहेत. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

एनसीएए खेळाची संस्था आहे, शिक्षणाची नाही. अमुक कोर्स दर्जेदार की फालतू, हे ठरवायचा अधिकार तिला नाही, तो विद्यापीठाला आणि मान्यता देणाऱ्या संस्थेला आहे. खेळाडूला इतर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त काही दिलं का, एवढंच एनसीएए बघते. ते वर्ग सगळ्यांना खुले होते आणि निम्म्याहून जास्त मुलं खेळाडू नव्हती. म्हणजे 'जादा सवलत' बसत नाही. दुसरं कलम शैक्षणिक लबाडीचं, तर ती झाली की नाही हे विद्यापीठाने स्वतःच्या नियमांनुसार ठरवायचं. विद्यापीठ म्हणालं, कोर्स आमचे, ग्रेड आमच्या, आम्ही त्या मागे घेत नाही. तिथे विषय संपला. त्या समितीचा अध्यक्ष एसईसीचा (तुमचं मिझू ज्या लीगमध्ये खेळतं तिचा) कमिशनर होता, आमचा काही मामा नव्हता.

आणि 'काहीच नाही' हेही खरं नाही. मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये आम्हाला एक वर्ष प्रोबेशनवर टाकलं होतं. विद्यापीठासाठी ते बोल बंदीपेक्षा कितीतरी गंभीर असतं.

झू_काका

@चॅपलहिलकर, सभ्यपणे लिहिलंत, आभार. पण निम्मीच गोष्ट सांगितलीत. त्या मान्यता देणाऱ्या संस्थेला तुमच्या विद्यापीठाने जे पत्र लिहिलं, त्यात या प्रकाराला शैक्षणिक लबाडी म्हटलं होतं. मग एनसीएएपुढे तोच शब्द अडचणीचा ठरला, तेव्हा काय सांगितलं? की ते टायपो होतं, नजरचुकीने राहिलं. समितीच्या निकालपत्रात नोंद आहे. मान्यता जाईल अशी भीती होती तिथे पश्चात्ताप, आणि बॅनर जातील अशी भीती होती तिथे टायपो. वकील भारी होते, हे मान्य.

आमच्या निकालपत्रातही तुमचं नाव आहे, गंमत बघा. समितीने स्वतः लिहिलंय की यूएनसी आपल्या कोर्सेसच्या पाठीशी उभं राहिलं, मिझुरीने मात्र काम ट्यूटरने केल्याचं आणि त्यामुळे बहुतेक वेळा आचारसंहिता मोडल्याचं मान्य केलं, म्हणून दोन प्रकरणं वेगळी. म्हणजे मी वर जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्यांनीच छापून ठेवलंय. मान्य केलंत, हाच फरक.

सहज_वाचक

पुण्यात बसून वाचतोय, फुटबॉल म्हटलं की मला मेस्सी आठवतो. बोल म्हणजे काय? आणि विजय 'पुसून टाकले' म्हणजे समोरचा जिंकला असं धरतात का?

झू_काका

@सहज_वाचक, बोल म्हणजे हंगाम संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत होणारी मानाची मॅच. बारा मॅचेसपैकी सहा जिंकल्या की संघ पात्र. बहुतेक पोरांची आयुष्यातली शेवटची मोठी मॅच तीच असते, कारण व्यावसायिक लीगमध्ये जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विजय पुसतात तेव्हा समोरच्याला काही मिळत नाही. आमच्या खात्यातला आकडा कमी होतो, हरलेला हरलेलाच राहतो. म्हणजे मॅच झाली, एक हरला, आणि जिंकलं कुणीच नाही.

बीजगणित_बाई

मी एका मोठ्या सरकारी विद्यापीठात (नाव सांगणार नाही) पीएचडी करताना खेळाडूंना गणित शिकवायचे. तासाचे पैसे बरे मिळायचे आणि टीएशिपवर भागत नव्हतं. त्यामुळे हा धागा मला वेगळ्याच बाजूने वाचावासा वाटला.

लोकांना वाटतं खेळाडू मठ्ठ असतात. मला तसं दिसलं नाही. सकाळी सहाला वेटलिफ्टिंग, दुपारी सराव, रात्री आठला माझ्यासमोर. एक लाइनमन (पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू) होता, हात एवढा मोठा की पेन त्यात दिसायचंच नाही. बर्फाची पिशवी गुडघ्याला बांधून बसायचा, ती वितळून पाणी खाली ठिबकत असायचं आणि हा वर्गसमीकरणाचे अवयव पाडत असायचा. बरोबर पाडायचा, पण अर्ध्यावर डुलकी.

पात्रतेचा तक्ता भिंतीवर असायचा. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८०. दर सत्रात किमान सहा क्रेडिट पास, पहिल्या वर्षाअखेर चोवीस. एक गणित राहिलं की पुढची साखळी तुटते आणि मुलगा शनिवारी मैदानाबाहेर. गणितच का? कारण कॉलेज अल्जिब्रा जवळजवळ सगळ्यांना सक्तीचं, आणि तिथे 'सर, माझं मत असं आहे' चालत नाही. उत्तर येतं किंवा येत नाही. मिझुरीतही गणित आणि संख्याशास्त्रच होतं, मिसिसिपी स्टेटला ऑनलाइन केमिस्ट्री.

आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, विद्यार्थ्याच्या कागदावर ट्यूटरचं पेन टेकता कामा नये. वेगळ्या कागदावर वेगळं उदाहरण सोडवून दाखवायचं. मी पाळलं. पण सत्राच्या शेवटच्या आठवड्यात वरचे लोक दारात येऊन "हा पास होईल ना?" असं विचारून जायचे. चेहरा हसरा, सूर हलका. कुणीही "तू करून दे" म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही. त्या बाईंनीही दबाव होता असं सांगितलं होतं, आणि समितीला तसा आदेश कुणी दिल्याचा पुरावा मिळाला नाही. मला दोन्ही खरं वाटतं. त्यांनी केलं ते चूकच, पण दहा वर्षांची बंदी त्यांच्यावर आणि दारात येणारे आपापल्या खुर्चीत, हे मला काकांच्या बोल बंदीपेक्षा जास्त लागतं.

झू_काका

@बीजगणित_बाई, हा प्रतिसाद दोनदा वाचला. दारातल्या माणसाबद्दल मी खरंच कधी विचार केला नव्हता. आम्ही चाहते त्या बाईंवरच चिडून होतो.

मिसिसिपी स्टेटचं नाव काढलंत ते बरं झालं, ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. आमच्यानंतर सातच महिन्यांनी, ऑगस्ट २०१९. आमच्याच एसईसीमधलं कॉलेज. एक अर्धवेळ ट्यूटर, अकरा खेळाडू. बारा आणि अकरा! विजय पुसले, प्रोबेशन दिलं, दंड केला, बोल बंदी मात्र नाही. का, तर त्यांनी नव्याने आलेल्या पद्धतीने एनसीएएशी वाटाघाटी करून प्रकरण मिटवलं. आणि अशा तडजोडींचा दाखला दुसऱ्या प्रकरणात देता येत नाही, हेही नियमातच लिहिलेलं. म्हणजे आमचं अपील पडून असताना ते डोळ्यांसमोर सुटले, आणि आम्ही बोटही दाखवायचं नाही.

अपील फेटाळलं २६ नोव्हेंबर २०१९ ला, थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधी. संघ तेव्हा ५-६. शुक्रवारी लिटल रॉकला अर्कान्सासशी शेवटची मॅच, जिंकलो तर सहा विजय, म्हणजे बोलची पात्रता. पण बंदी असताना ती मिळूनही काय उपयोग? तरी पोरं खेळली आणि २४-१४ जिंकली. दुसऱ्या दिवशी कोचला नारळ. आमचा खेळाडू केली ब्रायंट क्लेमसन विद्यापीठ सोडून आमच्याकडे आला होता. बंदी जाहीर झाल्यावर शेवटच्या वर्षाच्या पोरांना लगेच दुसरीकडे खेळायची मुभा होती, तो गेला नाही. २०१६ मध्ये ज्यांनी गणितं करवून घेतली, त्यांच्याशी या पोराचा काडीचा संबंध नव्हता. बेसबॉल-सॉफ्टबॉलचं तर काय, २०२० च्या मार्चमध्ये कोविडने सगळ्यांचाच हंगाम बंद केला. भोगली ती फुटबॉलवाल्यांनीच.

साउथबेंडचा_शेजारी

काका, रांगेत मागे या. आम्ही नोत्र दाम विद्यापीठवाले आधीपासून उभे आहोत. २०१२ चे बाराच्या बारा आणि २०१३ चे नऊ, एकूण २१ विजय पुसले. खेळाडूंना मदत करणारी होती एक विद्यार्थिनी, संघाच्या ट्रेनरच्या हाताखाली काम करणारी. एनसीएएने तिला संस्थेची कर्मचारी ठरवलं. विद्यापीठाने स्वतःच्या ऑनर कोडखाली चौकशी केली, पाच पोरांना २०१४ च्या मोसमात बसवून ठेवलं, जुन्या ग्रेड फिरवल्या. ग्रेड फिरवल्या म्हणून ती पोरं मागच्या तारखेने अपात्र ठरली, आणि अपात्र पोरं खेळली म्हणून विजय गेले! फेब्रुवारी २०१८ मध्ये अपील फेटाळलं तेव्हा विद्यापीठाचे त्या वेळचे अध्यक्ष फादर जेन्किन्सनी माजी विद्यार्थ्यांना जाहीर पत्र लिहिलं होतं, त्यातही यूएनसीचा उल्लेख होताच. नुसतं "जा बाबांनो" म्हणून पोरांना काढून टाकलं असतं आणि ग्रेडला हात लावला नसता तर २१ विजय शाबूत असते.

चॅपलहिलकर

सगळे एकत्र आलात, छान! एक कबूल करतो. टायपोचं मलाही लाजिरवाणं वाटतं. त्या वर्गांत खेळाडू नसलेली माझी एक मैत्रीण होती. तिच्या गुणपत्रिकेवर अजूनही तो कोर्स आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीला जाताना ती पदव्युत्तरचीच कागदपत्रं पुढे करते. बॅनरचं तिला काय घेणं?

पण एनसीएएने मनाला येईल तसं कलम ताणावं, असं मी तरीही म्हणणार नाही. आज आमच्यावर ताणलं तर उद्या मिझूच्या एखाद्या सोप्या कोर्सवर ताणतील.

बीजगणित_बाई

काकांच्या मूळ प्रश्नाबद्दल थोडं. जानेवारी २०२२ मध्ये एनसीएएने नवी घटना केली. त्यात असं आलं की शक्य तितकं, ज्यांचा गुन्ह्यात हात नाही अशा खेळाडूंना शिक्षा होऊ नये. टेनेसीचं प्रकरण आठवा, अभ्यासाचं नव्हतं, खेळाडूंच्या भरतीतल्या पैशांचं होतं, पण अठरा गंभीर आरोप होते. जुलै २०२३ मध्ये ८० लाख डॉलर्सच्या वर दंड झाला, बोल बंदी नाही. म्हणजे तुमच्यासारखं प्रकरण आज आलं तर बंदीची शक्यता बरीच कमी. ग्रेडचा निवाडा विद्यापीठाच्याच हातात, ते मात्र तसंच आहे.

झू_काका

धन्यवाद बाई, मला हेच हवं होतं. म्हणजे कबूल करा म्हणायला आता थोडी तरी जागा आहे. २०१९ च्या पोरांना त्याचा उपयोग नाही, ते सोडा.

पण उदाहरण काय टेनेसीचं द्यायचं! २०१९ ला आमच्याच मैदानावर आम्हाला २४-२० हरवून गेले ते. दंड भरला आणि त्याच मोसमात सिट्रस बोलमध्ये आयोवाला ३५-० धुतलं. बरं, त्याआधी नोव्हेंबरमध्ये कोलंबियाला आले होते. ३६-७, मी होतो स्टेडियममध्ये. आणि तो विजय अजून कुणी पुसलेला नाही.